खातेचौकशीची फाइल ‘गोपनीय’ असते, पण कुणापासून? नव्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शक

दोषारोपपत्र मिळालेल्या कर्मचाऱ्याला कार्यालयात एक वाक्य सतत ऐकावं लागतं : ‘फाइल गोपनीय आहे, दाखवता येणार नाही.’ आणि त्याच आठवड्यात त्याच दोषारोपपत्राचा फोटो स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतो. ज्याच्या नोकरीचा प्रश्न आहे त्याला कागद मिळत नाही आणि ज्यांचा काडीचा संबंध नाही त्यांना तो घरबसल्या मिळतो. कायदा नेमका याच्या उलट आहे. ज्याच्यावर आरोप आहेत त्याच्यापासून आरोपाचा आधार लपवता येत नाही आणि इतरांपासून तो जपावाच लागतो.

मी ठाण्यातल्या एका शासकीय कार्यालयात आहे. माझी स्वतःची खातेचौकशी (खात्याने केलेली शिस्तभंगाची चौकशी) झाली, दोषमुक्त झाले, आणि त्यानंतर सहकाऱ्यांसाठी बचाव सहायक, म्हणजे चौकशीत त्यांची बाजू मांडणारी, म्हणून बसत आले. ज्यांच्या हातात पहिल्यांदाच ज्ञापन (कार्यालयाचं आरोपाबाबतचं लेखी पत्र) पडलं आहे किंवा ज्यांना पहिल्यांदाच वरिष्ठांविरुद्ध तक्रार करायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. तुम्हाला कुठले नियम लागू आहेत ते आधी पक्कं करा

ठाण्यात कोर्ट नाक्याच्या परिसरात जिल्हाधिकारी कार्यालय, पाचपाखाडीला महापालिका, बेलापूरला कोकण भवन, तिथेच नवी मुंबई महापालिका आणि सिडको. एकाच लोकलने जाणारे आपण सगळे ‘सरकारी’ म्हणवतो, पण नियम वेगवेगळे आहेत.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम, १९६४. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियम, १९६५. महापालिकेत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम आणि त्या त्या महापालिकेचे सेवा नियम.

मित्राने दिलेला अर्जाचा नमुना उतरवून काढायची सवय इथे नडते. महापालिकेतल्या माणसाने १९७९ च्या नियमाचा हवाला दिला की उत्तर येतं, ‘सदर नियम लागू नाहीत’, आणि महिना वाया जातो. पुढे दाद मागायची जागाही वेगळी असते. राज्य शासनाचा कर्मचारी मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) जातो, केंद्राचा कॅटमध्ये (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण). महापालिकेच्या कर्मचाऱ्याला मॅटचा दरवाजा नाही. दोषारोपपत्राच्या पहिल्या परिच्छेदात कुठल्या नियमाखाली कारवाई आहे ते लिहिलेलं असतं. ते वाचून मगच पहिला अर्ज लिहा.

२. कुठला कागद कुणाला पाहता येतो

सगळा गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

प्राथमिक चौकशी : आरोपात तथ्य आहे का हे तपासण्यासाठी प्रशासन स्वतःपुरती करतं ती. हा अहवाल तुम्हाला द्यायलाच हवा असं नाही. पण दोषारोपपत्र त्यावर आधारलेलं असेल, किंवा त्या वेळी जबाब दिलेले लोक आता साक्षीदार म्हणून येणार असतील, तर तो आधार आणि ते जबाब तुम्हाला मिळायलाच हवेत. सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध शत्रुघ्न लाल या १९९८ च्या निकालात हे स्पष्ट सांगितलं आहे.

खातेचौकशी : दोषारोपपत्र, त्याची जोडपत्रं, दस्तऐवजांची यादी, साक्षीदारांची यादी, रोजनामा (प्रत्येक सुनावणीची नोंद), साक्षी आणि शेवटी चौकशी अहवाल. हे सगळं तुम्हाला पाहण्याचा हक्क आहे. शिक्षा ठरवण्याआधी चौकशी अहवालाची प्रत देऊन तुमचं म्हणणं मागवणं बंधनकारक आहे. इसीआयएल विरुद्ध बी. करुणाकर या १९९३ च्या घटनापीठाच्या निकालापासून यात वाद उरलेला नाही.

गोपनीय अहवाल : वरिष्ठ दरवर्षी तुमच्या कामावर शेरे लिहितात तो. नावात गोपनीय असला तरी तुमच्यापासून नाही. देव दत्त प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शेरा चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे.

तुम्ही केलेली तक्रार : तुमच्या अर्जावर काय झालं हे विचारता येतं. ज्याच्याविरुद्ध तक्रार केली त्याला काय शिक्षा झाली, त्याचा खुलासा काय होता, हे मात्र त्याचं वैयक्तिक ठरतं.

लैंगिक छळाच्या तक्रारीचे कागद : यांना सगळ्यांत कडक कुलूप आहे. त्यावर पुढे वेगळं लिहिलं आहे.

३. हाताशी काय ठेवाल

नियुक्तीचा आदेश आणि ओळखपत्राची प्रत. आलेलं प्रत्येक ज्ञापन, पाकिटासकट, कारण कधी मिळालं याचा पुरावा पाकिटावरच्या शिक्क्यात असतो. तुम्ही दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच. सेवापुस्तकाची प्रत. लागू असलेल्या नियमांची छापील प्रत, आणि राज्य शासनात असाल तर शासनाची विभागीय चौकशी नियमपुस्तिका. दहा आणि वीस रुपयांची कोर्ट फी तिकिटं. आणि एक साधी वही, ज्यात तारीख, कुणाला भेटलात आणि काय उत्तर मिळालं एवढं लिहायचं. मॅटमध्ये वकील सगळ्यांत आधी तारखा विचारतात.

४. अर्ज टपाल शाखेत द्या, पोच घ्या

‘राहू द्या, मीच साहेबांच्या टेबलावर ठेवतो’ असं कुणी आपुलकीने म्हटलं तरी अर्ज आवक शाखेतच द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का हवा. विषय नाजूक असेल तर अर्ज बंद पाकिटात घाला, पाकिटावर ‘गोपनीय, फक्त अमुक पदनामासाठी’ लिहा आणि पोच एका साध्या अग्रेषण पत्रावर घ्या. त्या पत्रात तपशील नको, फक्त ‘सोबत बंद पाकीट’ एवढंच. त्यामुळे आवक नोंदवहीत तुमच्या तक्रारीचा विषय उमटत नाही. ती नोंदवही दिवसभर उघडी असते आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण ती वाचतो.

उत्तर येत नसेल तर २००५ चा बदल्यांचा व दफ्तर दिरंगाईचा कायदा आठवा. त्यातल्या कलम १० प्रमाणे कुठलीही नस्ती (फाइल) एका टेबलावर सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. स्मरणपत्रात हे कलम लिहिलं की निदान फाइल कुठे आहे ते कळतं.

५. कागद आधी शिस्त नियमांखाली मागा, माहिती अधिकार नंतर

बरेच जण दोषारोपपत्र मिळताच माहिती अधिकाराचा अर्ज करतात. मी सांगेन, थांबा. चौकशीत कागद मागण्याचा हक्क तुम्हाला शिस्त नियमांनीच दिला आहे आणि तो जास्त भक्कम आहे. माहिती अधिकारात नकार मिळाला तर तुम्ही अपिलांत अडकता. चौकशीत आरोपाचा आधार असलेला कागद नाकारला, तर चौकशीच सदोष ठरू शकते.

पद्धत अशी. चौकशी अधिकारी पहिल्या सुनावणीत यादीतले दस्तऐवज पाहण्यासाठी मुदत देतात. यादीबाहेरचा कागद हवा असेल तर वेगळा अर्ज करायचा आणि प्रत्येक कागदापुढे तो बचावासाठी का लागतो ते एका ओळीत लिहायचं. ‘संबंधित सर्व कागदपत्रे द्यावीत’ असं लिहिलेला अर्ज फेटाळायला सोपा असतो. ‘अमुक तारखेची हजेरीपट, कारण आरोप क्रमांक २ मधील वेळेस मी दुसऱ्या शाखेत होते हे त्यावरून सिद्ध होते’ असं लिहिलं तर नाकारण्यासाठी चौकशी अधिकाऱ्याला लेखी कारण द्यावं लागतं.

आता प्रत्यक्ष पाहणी. एकटे जाऊ नका, बचाव सहायकाला सोबत न्या. फाइल समोर आली की मजकुराकडे वळण्याआधी पानांचे क्रमांक पाहा. नस्तीत दोन भाग असतात : एका बाजूला टिपणी, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार. दोन्हींचे क्रमांक वेगळे चालतात. एका सहकाऱ्याच्या फाइलमध्ये टिपणीचं पान ११ नंतर थेट १४ होतं. १४ व्या पानावर ‘पृ. १२ वरील प्रस्तावास मान्यता’ असा शेरा होता, म्हणजे पान १२ कधीतरी होतं. आम्ही तिथल्या तिथे पाहणीच्या नोंदीत लिहिलं : ‘टिपणी पृष्ठ १२ व १३ उपलब्ध करून दिलेली नाहीत.’ त्यावर सादरकर्ता अधिकाऱ्यांची (चौकशीत कार्यालयाची बाजू मांडणाऱ्यांची) सही घेतली. पुढे सगळा बचाव त्या एका ओळीवर उभा राहिला. क्रमांक खोडून पुन्हा लिहिलेत का, एकाच पानावर दोन रंगांच्या शाईत तारखा आहेत का, हेही बघा.

पाहणीत दुसऱ्या कर्मचाऱ्याचा आजार, घरचा पत्ता, बँक खातं असं काही दिसलं आणि ते तुमच्या बचावाला लागत नसेल, तर ते टिपून घेऊ नका आणि प्रतही मागू नका. ती माहिती त्याची आहे.

६. माहिती अधिकाराचा अर्ज : काय विचारावं, काय नाही

नमुना जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ऑनलाइन पोर्टलही आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. मग ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. ठाणे जिल्ह्यासाठी आयोगाचं कोकण खंडपीठ बेलापूरला आहे.

इथे गेल्या काही वर्षांत बरंच बदललं आहे आणि जुने लेख वाचून अर्ज करणाऱ्यांची फसगत होते. गिरीश देशपांडे प्रकरणात ३ ऑक्टोबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की कर्मचाऱ्याला दिलेली ज्ञापनं, कारणे दाखवा नोटिसा आणि शिक्षेचे आदेश ही वैयक्तिक माहिती आहे. तिऱ्हाइताला ती मिळवायची तर व्यापक जनहित दाखवावं लागेल. २०१९ मध्ये घटनापीठाने शिस्तभंगाची कार्यवाही वैयक्तिक माहितीतच धरली. आणि नोव्हेंबर २०२५ पासून वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणारं माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने त्यातल्या ‘सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली’ वगैरे अटी काढून टाकल्या. आता वैयक्तिक माहिती म्हटलं की अपवाद लागू होतो. कलम ८(२) मात्र शाबूत आहे : जनहित जास्त महत्त्वाचं असेल तर माहिती देता येते. भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत या बदलाने लोकांच्या हातातलं एक साधन बोथट झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण अर्ज आजच्या कायद्याप्रमाणेच करावा लागतो.

म्हणून प्रश्न असे घाला.

‘श्री. अमुक यांच्याविरुद्धच्या चौकशीचा अहवाल द्यावा’ असं विचारू नका. ‘माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची टिपणी, तो सध्या कुठल्या पदनामाकडे आहे, आणि निकाली काढला असल्यास मला कळवल्याच्या पत्राची जावक नोंद’ असं विचारा. अर्ज तुमचा आहे, त्यामुळे वैयक्तिक माहितीचा अडसर फारसा टिकत नाही.

स्वतःच्या फाइलची माहिती मागताना ‘ही माहिती माझीच आहे’ असं लिहा आणि ओळखपत्राची प्रत जोडा. माझी खासगी माहिती माझ्यापासून जपायची, याला अर्थ नाही.

‘चौकशी सुरू आहे, कलम ८(१)(ज)’ असं एका ओळीचं उत्तर आलं तर अपिलात लिहा : माहिती दिल्याने तपासात नेमका काय अडथळा येईल ते सांगितलेलं नाही. केवळ चौकशी चालू असणं पुरेसं नाही, असा दिल्ली उच्च न्यायालयाचा भगत सिंग प्रकरणातला २००७ चा निर्णय आहे. शिवाय माहिती अधिकाराच्या कलम १० प्रमाणे, नाकारण्याजोगा भाग झाकून उरलेला द्यावा अशी पर्यायी मागणी नेहमी ठेवा.

७. तुमची फाइल दुसऱ्या कुणी मागितली तर

कुणीतरी तुमच्या फाइलची माहिती मागितली आहे, असं कार्यालयाचं पत्र आलं की लोक दुर्लक्ष करतात. ‘मला काय त्याचं, कार्यालय बघेल.’ कृपा करून असं करू नका.

कुणी तुमच्या चौकशीची माहिती मागितली तर जन माहिती अधिकाऱ्याने कलम ११ प्रमाणे तुम्हाला पाच दिवसांत कळवायचं असतं. नोटीस मिळाल्यापासून तुम्हाला दहा दिवस मिळतात. गप्प बसलात तर अधिकारी तुमचं म्हणणं न कळताच निर्णय घेतील. उत्तर साधं ठेवा :

‘मागितलेली माहिती माझ्या खातेचौकशीशी संबंधित असून वैयक्तिक आहे. ती तिऱ्हाइतास देण्यास माझी हरकत आहे. कलम ८(२) खाली देण्याचे ठरल्यास कोणते जनहित आहे त्याची कारणे नोंदवावीत, तसेच माझा घरचा पत्ता, दूरध्वनी, वैद्यकीय तपशील व कुटुंबीयांची माहिती झाकावी. निर्णयाची प्रत मला मिळावी.’

निर्णय पटला नाही तर अपील तुम्हीही करू शकता. मागणारा कोण आहे, त्याचा हेतू काय, यावर उत्तरात रागाने लिहू नका. माहिती मागणाऱ्याने कारण सांगण्याची गरज नाही, असं कायदाच म्हणतो.

८. अंतर्गत समितीकडे तक्रार

लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १६ माहिती अधिकार कायद्यालाही बाजूला सारतं. तक्रारदार, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, आणि साक्षीदार यांची नावं, पत्ते, समितीच्या कामकाजाचा तपशील, शिफारशी, झालेली कारवाई, यातलं काहीच लोकांपुढे किंवा माध्यमांपुढे आणता येत नाही. नाव-पत्ता उघड न करता पीडितेला न्याय मिळाल्याची माहिती तेवढी देता येते. तक्रार हाताळणाऱ्याने हे मोडलं तर सेवा नियमांप्रमाणे कारवाई, आणि तसे नियम नसतील तर पाच हजार रुपये दंड.

पण बायकांना एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. तक्रारीच्या सहा प्रती द्यायच्या असतात आणि त्यातली एक समिती सात कामकाजाच्या दिवसांत त्या माणसाला पाठवते. नैसर्गिक न्यायासाठी ते आवश्यकच आहे. म्हणजे तुम्ही लिहिलेला प्रत्येक शब्द त्याच्या हातात पडणार. तेव्हा घरचा पत्ता, मुलांची शाळा, रोजची गाडी कुठली, असं काही तक्रारीत लिहू नका. साक्षीदारांचे पत्ते कार्यालयाचे द्या. कपाटात ठेवलेली फाइल कोण हाताळतं, हे समितीच्या अध्यक्षांना लेखी विचारा.

मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत, आणि ती संपल्यावर दहा दिवसांत अहवाल, जो दोन्ही पक्षांना मिळतो. ‘अहवाल गोपनीय आहे’ म्हणून तक्रारदार बाईलाच तो नाकारला, तर कलम १३ दाखवा.

९. कागद घराबाहेर जातात तिथे

कोर्ट नाक्यावर किंवा स्टेशनजवळ झेरॉक्सच्या दुकानात गेलात की दुकानदार म्हणतो, ‘पीडीएफ व्हॉट्सॲप करा.’ तुमचं दोषारोपपत्र त्याच्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडतं आणि तिथेच राहतं. पुढचा गिऱ्हाईक आपली फाइल शोधताना तुमचं नाव वाचतो. मूळ कागद घेऊन जा आणि समोर उभं राहून प्रती काढा. फाइल पाठवावीच लागली तर तिला नाव देताना ‘स्कॅन ३’ असं काहीतरी द्या, आणि काम झाल्यावर ती पुसायला लावून, रिकामी कचरापेटी स्वतः बघून निघा. बिघडलेली प्रत टेबलाखालच्या खोक्यात टाकू देऊ नका, मागून घ्या.

आधार जोडायचं असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार वापरा.

ग्रुपवर काहीही टाकू नका, अगदी ‘बघा माझ्यावर कसा अन्याय झाला’ म्हणूनही नाही. त्या दोषारोपपत्रात साक्षीदारांची नावं असतात आणि तीच तुमच्यावर दुसऱ्या ज्ञापनाचं कारण होतात. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने समाजमाध्यमांच्या वापराबद्दल परिपत्रक काढलं आहे. ते स्थानिक संस्थांच्या आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. दुसऱ्याने तुमचे कागद टाकले असतील तर भांडू नका. तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि बंद पाकिटात लेखी तक्रार द्या. त्यात, तो कागद त्या दिवशी कुणाच्या ताब्यात होता याची चौकशी मागा.

सार्वजनिक तक्रारींच्या पोर्टलवरही सेवाविषयक गाऱ्हाणं टाकू नका. केंद्राच्या पोर्टलवर ते विहित मार्ग संपल्याशिवाय घेतच नाहीत, आणि तोपर्यंत तुमचा मजकूर अनेक टेबलांवरून फिरून परत तुमच्याच कार्यालयात येतो.

१०. आदेश झाल्यावर सेवापुस्तक उघडून बघा

दोषमुक्तीचा आदेश हातात आला की पेढे वाटून लोक मोकळे होतात. आस्थापना शाखेत जा आणि सेवापुस्तक पाहायला मागा. निलंबन झालं असेल तर त्याची नोंद तिथे असते, पण ते संपल्याची आणि तो काळ कसा धरला याची नोंद राहून जाते. दोषमुक्तीच्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख त्याच पानावर लिहून, कार्यालय प्रमुखांची सही घेऊन, त्या पानाची साक्षांकित प्रत घ्या. चौकशीच्या काळात पदोन्नती समितीने तुमचं नाव मोहोरबंद पाकिटात ठेवलं असेल तर ते उघडण्यासाठी त्याच दिवशी वेगळा अर्ज द्या, सोबत आदेशाची प्रत. हा अर्जही टपाल शाखेतच द्या.